बिजागरी

दिवसभर मी लोकांना सांगतो,
मान थोडी डावीकडं, हनुवटी खाली, हसा.
नवरदेव हसतात. नवरीचा मामा कधीच हसत नाही.
तुळशीचं लग्न झालं की कळंबच्या माझ्या स्टुडिओला
मृग लागेपर्यंत उसंत नसते.

आणि गंमत अशी, की ज्या मृगाच्या नावानं
सगळा गाव पेरणी धरतो
तो त्या दिवसांत दिसतच नाही,
सूर्यामागं असतो.
दिसतो तो आता, मार्गशीर्षात,
जेव्हा त्याची कुणाला गरज नसते.

खाजा वेल्डर.
काळ्या काचेतून दिवसभर एकच तारा बघतो,
वीतभर अंतरावरचा, तडतडणारा.
संध्याकाळी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडतो
आणि नऊच्या सुमाराला म्हणतो,
चल, आता लांबचे बघू.

यंत्र त्यानंच केलं.
दोन फळ्या, फाटकाची बिजागरी, बारीक आट्यांचा बोल्ट.
बिजागरीचा कणा ध्रुवाकडं.
ध्रुव आपल्याकडं बुटका,
येरमाळ्याच्या माळावर हात लांब करून
दोन मुठी रचल्या की सापडतो.
बोल्टला मिनिटाला एक फेरा द्यायचा,
पृथ्वी नेईल तिकडं फळीनं जायचं नाही,
मग तारे टिंबं राहतात, रेघा होत नाहीत.
एवढंच शास्त्र.
बाकी सगळी थंडी.

येळवशीच्या आदल्या रात्री
भिंगावर दहिवर धरू नये म्हणून
तापलेली वाळू मोज्यात भरून गुंडाळली.
खाजा पुटपुटत मोजत होता, सत्तावन्न, अठ्ठावन्न.
पवनचक्क्यांचे लाल दिवे लांब डोळे मिचकावत होते,
त्यांना आम्ही माफ केलं होतं.

बाराला थ्री-फेज आली.
माळावर एकामागून एक बल्ब लागले
आणि आभाळ पुसलं गेलं.

सगळ्यात जवळचा बल्ब सोजरबाईचा.
गव्हाला पाणी द्यायला आलेली, डोक्याला मफलर.
कोन हाय रं?
फोटो काढतोय, मावशी.
कुनाचा?
खाजानं वर बोट केलं.
तिनं पाहिलं. बराच वेळ.
तिकांडं व्हय. त्ये तर रोजच असतंय.
मग थोडं थांबून, किती येळ लागंल?
चाळीस मिनिटं.

तिनं बल्ब घालवला.
स्टार्टरचा लाल ठिपका राहिला होता,
त्यावर पोतं टाकलं,
आणि अंधारात दारं मोडत राहिली.
पावलाला गार लागलं की वाफा भरला,
असं तिचं माप.
चिखलात तिचं खोरं
आणि फळीवर खाजाचा बोल्ट,
दोघंही न बघता आपापलं बरोबर करत होते.
मी मात्र काही करत नव्हतो.
कुणाला हस म्हणायचं नव्हतं.

मग पडद्यावर ते आलं.
तिकांड्याच्या खाली, साध्या डोळ्याला नुसता पुसट डाग,
इथं गुलाबी, कडेनं निळसर,
मधे चार तारे चिकटून बसलेले.
तिनं ओला हात लुगड्याला पुसला,
कॅमेऱ्याला लावला मात्र नाही.
ह्याला नाव काय म्हनत्यात?
एम बेचाळीस.
नंबर? माझ्या मीटरवानी?
आणि हसली.
मी न सांगता.

उद्या आंबील प्यायला या म्हणाली,
आणि बल्ब लावून परत पाण्याकडं गेली.

चार दिवसांनी मी ईटकूरला वरातीत.
हॅलोजन, डीजे, घोड्याच्या पायात फटाके,
नवरदेवाच्या नाकावर फोकस धरलेला.
फोन वाजला, काही ऐकू येईना,
मी गाडीमागं जाऊन कान दाबला.

आभाळ मोकळं हाय, ती म्हणत होती,
लाईट कवाच घालवलीय.
हायत कुटं तुमी?